सोलापुरात दोन सीटची स्पोर्ट्स कूपे: हौस, जीव आणि बाजारभाव

मधला_मारुती

मंडळी, घरात वाद पेटलाय म्हणून धागा काढतोय. आमच्या धाकट्याला स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. नवी नाही, जुनी. पुण्यात एका डीलरकडे २०१४ ची पोर्शे केमन बघून आलाय. दोन दारं, दोन सीट, पांढरा रंग, २८ हजार किलोमीटर चाललेली. किंमत इथे लिहीत नाही, आमचे काका हा फोरम वाचतात. टॉवेलच्या कारखान्याचं एक्स्पोर्टचं काम सध्या बरं चाललंय, त्यामुळे ‘पैशाचं बघून घेतो’ असं त्याचं म्हणणं. घरची इनोव्हा राहणारच आहे.

आई म्हणते, एवढ्या बुटक्या गाडीत बसलास तर ट्रकवाल्याला दिसणार कोण? भावजयीचा प्रश्न साधा आहे: तीन वर्षांची पोर कुठे बसवायची? आणि मला धास्ती पुढची. उद्या हौस फिटली की ही गाडी घेणार कोण? इंजिनाबद्दल, पिकअपबद्दल धाकट्याने सगळं पाठ केलंय, ते सांगू नका. जीव आणि बाजार, या दोनच गोष्टींवर बोला.

गड्ड्यावरचा_पाळणा

लग्नाला निघालं की आमच्यात ‘अजून एक बसतंय की’ म्हणत म्हणत नऊ जण कोंबतात. या गाडीत तो धोकाच नाही. याच्यापेक्षा मोठं सेफ्टी फीचर अजून कुठल्या कंपनीनं काढलंय सांगा बे.

तेराचा_पाना

पुण्यात वर्कशॉप आहे, मूळचा अक्कलकोट रोडचा. अशा गाड्या हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

‘छोटी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा’ हे आधी डोक्यातून काढा. ही २०१४ ची केमन ९८१ पिढीतली आहे. इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. म्हणजे बॉनेटखाली इंजिन नाही, दीडशे लिटरची डिकी आहे. समोरून धडक बसली तर चुरगळायला तेवढी जागा मिळते आणि इंजिनाचा ठोकळा पायांवर येत नाही. बाजूच्या धडकेसाठी दोन वेगळ्या एअरबॅग आहेत: छातीची सीटच्या कडेतून उघडते, डोक्याची दारातून वर येते. साध्या गाडीत छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग सुटते. हिच्यात ते काम दारातली बॅग करते. त्यामुळे जुनी गाडी घेताना दार कधी बदललंय का, ठोकलंय का, हे नीट बघायचं. दार रंगवून चकाचक केलेलं असतं आणि आतली बॅग परत बसवलेलीच नसते, असं पाहिलंय.

पण एअरबॅग म्हणजे अपघात झाल्यावरची गोष्ट. स्पोर्ट्स कारमध्ये खरा जीव वाचवते ती ईएससी, म्हणजे घसरायला लागलेली गाडी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सरळ करणारी यंत्रणा. पोर्शेवाले तिला पीएसएम म्हणतात. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात एकट्याच गाडीचे जीवघेणे अपघात या यंत्रणेमुळे साधारण निम्म्यावर आल्याचं दिसलं, आणि २०१२ च्या मॉडेलपासून तिथे ती सक्तीची झाली. ऑडी टीटीचं उदाहरण घ्या. १९९८ साली आली, दिसायला इतकी देखणी की लोक वेडे झाले. पण जर्मनीच्या ऑटोबानवर भरधाव वेगात लेन बदलताना, वळण घेताना मागची बाजू हलकी होऊन गाड्या फिरायला लागल्या, माणसं गेली. शेवटी कंपनीने गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं, मागे छोटा स्पॉयलर लावला आणि ईएसपी, म्हणजे तीच ईएससी, दिली. तो स्पॉयलर आज लोकांना शोभेचा वाटतो.

आता स्टार. असल्या कमी खपाच्या गाड्या क्रॅश टेस्टला क्वचितच जातात, तेव्हा ‘केमनला किती स्टार?’ विचारून उपयोग नाही. ज्या गेल्या त्यांचे निकाल मात्र बोलके आहेत. बीएमडब्ल्यू झेड-४ ला युरो एनकॅपमध्ये, म्हणजे पाचपैकी स्टार देणाऱ्या युरोपातल्या क्रॅश टेस्टमध्ये, २०१५ साली ३ स्टार मिळाले, नवीन पिढीच्या झेड-४ ला २०१९ मध्ये ५, तेही मोठ्या माणसांच्या सुरक्षेत ९७ टक्के. नाव तेच, लांब नाक तेच. माझदाच्या एमएक्स-५ ला २०१५ मध्ये ४ मिळाले. आपणहून लागणारा ब्रेक तिला तेव्हा नव्हता, तिथे मार्क गेले. फोर्ड मस्टँग दोन सीटची नाही, पण आपल्याकडे विकली गेली म्हणून सांगतो: २०१७ च्या जानेवारीत २ स्टार. मागच्या सीटवरच्यांचं संरक्षण कच्चं निघालं. दोन सीटच्या गाडीत मागची सीटच नाही, त्यामुळे त्या भानगडीतून ती आपोआप सुटते.

काळी_माती

पाना साहेब, जर्मनीचं ऐकलं. आता सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या मोहोळचं ऐका.

दिवाळी झाली की साखर कारखाने पेटतात, ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस चारी बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाल दिवा असला तर असला, आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाणी एवढी मोठ्यानं की मागून हॉर्न वाजवला तरी त्याला पत्ता नाही. कारखान्यांनी रिफ्लेक्टर लावलेले असतात, पण ऊस लोंबायला लागला की तो पट्टा झाकून जातो. तुमच्या हेडलाइटला दिसतो तो फक्त अंधार, मग एकदम उसाचं वाढं.

आता या ट्रॉलीच्या मागचा कठडा आठवा. इनोव्हाच्या बॉनेटला येऊन भिडेल अशा उंचीवर असतो. केमनचं बॉनेट त्याच्या खालून जाईल आणि कठडा थेट काचेवर येईल. मग ती दीडशे लिटरची चुरगळणारी डिकी काय कामाची?

तेराचा_पाना

बरोबर मुद्दा, आणि याला गाडीत इलाज नाही. बंपरला बंपर भिडला तरच पुढचा भाग चुरगळून धक्का शोषतो. खाली घुसली तर गाडीच्या ताकदीचा भाग कामालाच लागत नाही, सगळा मार छताच्या खांबांवर आणि काचेवर येतो. म्हणून तर ट्रकच्या मागे खालच्या उंचीवर तो आडवा दांडा लावायची सक्ती आहे. बहुतेक ट्रॉल्यांना तसं काही नसतं.

उपाय एकच, आणि तो धाकट्याला आवडणार नाही: हंगामात अंधार पडल्यावर ही गाडी टेंभुर्णी-मोहोळ पट्ट्यात काढायचीच नाही. केंद्राने २०१८ मध्ये चौपदरी महामार्गावर कारसाठी १०० ची कमाल मर्यादा ठेवली. पण रात्री हेडलाइटच्या टप्प्यात थांबता येईल असा वेग त्याहून बराच खाली असतो.

अण्णा_बाळे

उभी हयात ट्रकवर गेली. आता पोरं चालवतात, मी घरी. त्या माऊलीचं म्हणणं खरं आहे. केबिनमधून डावीकडं, दाराच्या खाली, एक पट्टा असा असतो की तिथं मोटरसायकल असली तरी दिसत नाही. ही गाडी मोटरसायकलपेक्षा बुटकी. त्यात हे लोक डावीकडून ओव्हरटेक मारतात. पोराला एवढंच सांगा: माझ्या आरशात तुला माझं तोंड दिसत नसेल तर मला तू दिसत नाहीस. दिवसासुद्धा लाइट चालू ठेव, रेंगाळू नको, माझ्या शेजारी चालवत राहू नको. पुढं जा नाहीतर मागं राहा.

आणि ते सायलेन्सर मोकळं करून आवाज काढतात ना, त्याचा एक फायदा आहे म्हणा. दिसला नाही तरी ऐकू येतोय.

मधला_मारुती

अण्णा, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणते, ‘बघ, मी तेच म्हणत होते.’ आता माझी पंचाईत.

स्नेहल_जुळे_सोलापूर

सगळे पुरुष मंडळी ट्रकवर आणि ट्रॉलीवर. तुमच्या भावजयीच्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही.

मूल असलेल्या घरात दोन सीटची गाडी आली की मूल पुढेच बसणार, दुसरी जागाच नाही. समोर चालू एअरबॅग असेल तर मागे तोंड करून बसवायची बेबी सीट तिथे अजिबात लावायची नसते. एअरबॅग ज्या जोराने फुटते तो धक्का थेट त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्याला बसतो. सन व्हायजरवर तो खुणेचा स्टिकर त्याचसाठी असतो, आपण नवीन गाडीचं प्लास्टिक जपतो पण स्टिकर वाचत नाही. तुमची मुलगी तीन वर्षांची, म्हणजे पुढे तोंड केलेली सीट चालेल, पण तेव्हाही गाडीची सीट मागे सरकवून आणि शक्यतो एअरबॅग बंद करून. मांडीवर घेऊन बसणं हा प्रकार तर नकोच. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा.

मग प्रश्न असा: एअरबॅग बंद करता येते का या गाडीत?

आणि अजून एक, मुलगी आणि बाबा गाडीत बसले तर आई कुठे? मागून इनोव्हा घेऊन?

तेराचा_पाना

स्नेहलताई, प्रश्न नेमका आहे. ९८१ ला आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे हूक आणि पॅसेंजर एअरबॅग चावीने बंद करायचा स्विच हे ऑप्शन म्हणून मिळत होतं, सरसकट नव्हतं. ज्याने नवी घेतली त्याने तेव्हा तो टिक केला असेल तरच आहे. जाऊन बघायचं, सीटच्या खाचेत बोटं घालून धातूचे हूक लागतात का. नसतील तर ‘बेल्टने बांधू’ म्हणून पुढे जाऊ नका. त्या गाडीत मुलीला न्यायचंच नाही असं ठरवून टाकलेलं बरं.

नव्या_पेठेतला

बाजाराचं मी सांगतो, धंदाच तो आहे. जुन्या गाड्यांची देवघेव करतो, बहुतेक स्विफ्ट-क्रेटा, पण महागड्याही कधीमधी येतात.

आपल्याकडे गिऱ्हाईक पहिल्यांदा सीट मोजतं, मग ॲव्हरेज विचारतं. दोन सीटची गाडी या देशात कुणी करून बघितली नाही असं नाही. नव्वदीच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची: फायबरची बॉडी, रेनोचं छोटं इंजिन, उघडं छप्पर. किती जणांनी बघितलीय हात वर करा. मग २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत डीसी अवंती आली, मधोमध इंजिन, तेही रेनोचं, दोन लिटर टर्बो. स्टँडवर गर्दी एवढी की विचारू नका, रस्त्यावर मात्र क्वचितच दिसायची. टाटांनी मार्च २०१७ ला जिनेव्हात रेसमो दाखवली, १.२ लिटर टर्बो, १९० पीएस. पेपरात फोटो छापून आले, गाडी काही बाजारात आली नाही. फोटोला दाद देणारे लाखात आणि चेक फाडणारे शंभरात, असा हा बाजार आहे.

त्यात परदेशातून पूर्ण बनून येणाऱ्या महाग गाडीवर सीमाशुल्क आणि उपकर मिळून शंभर टक्क्यांच्या वर, मग जीएसटी, मग आपल्या राज्यात आयात गाडीला २० टक्के रोड टॅक्स. नवी घेणारा हा सगळा भार उचलतो आणि शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताच त्यातला मोठा हिस्सा पाण्यात जातो. जुनी घेण्यात शहाणपण आहे ते इथे. दहा-अकरा वर्षांच्या गाडीचं जे पडायचं ते पडून झालंय.

आता केमनचं वेगळं गणित. २०१६ नंतर ७१८ नावाने जी आली तिच्यात सहाच्या जागी चार सिलिंडरचं टर्बो इंजिन दिलं. पळायला तीही कमी नाही, पण आवाजाने लोक नाराज झाले. पुढे वरच्या मॉडेलना चार लिटरचं सहा सिलिंडर परत द्यावं लागलं. तुमच्या भावाने बघितलेली ९८१ म्हणजे टर्बो नसलेल्या सहा सिलिंडरची, शौकिनांना हवी असते ती. आणि पेट्रोलची ७१८ आता बनायचीही थांबली. युरोपात तर ती २०२४ मध्येच शोरूममधून गेली, आणि कारण ऐकाल तर हसाल. धुराचं नाही, धडकेचं नाही, सायबर सुरक्षेच्या नव्या नियमात जुनी वायरिंगची रचना बसेना. ऑडी टीटी २०२३ अखेरीस बंद. म्हणजे असल्या गाड्या कमी होत चालल्यात, आणि चांगली राखलेली गाडी भाव धरते.

पण भाव धरते पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत. सोलापुरात विकायला काढलीत तर चौकशीचे फोन शंभर येतील, ‘एक राउंड मारू द्या की’ म्हणणारे पन्नास, घेणारा एकही नाही. विकायच्या वेळी फ्लॅटबेडवर घालून पुण्याला पाठवायची तयारी आत्ताच ठेवा. आणि सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावा. बिलं नसलेल्या पोर्शेला मी हात लावत नाही.

गड्ड्यावरचा_पाळणा

फ्लॅटबेड लागणार ते विकताना नव्हे, आमच्या गल्लीत शिरताना. ज्याच्या घरासमोर त्याचा गतिरोधक. काल एकानं उरलेल्या काँक्रीटचा केलाय, वर चुन्यानं ‘हळू’ लिहिलंय. रिक्षा घासली त्याला.

तेराचा_पाना

हसण्यावारी नेऊ नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. रुंदी महत्त्वाची: त्यावर चाकं सावकाश चढतात आणि पोट लागत नाही. गल्लीतला गतिरोधक तेवढाच किंवा जास्त उंच, पण फूट-दीड फूट रुंद. पुढची चाकं उतरली की उंचवटा थेट पोटाखाली. तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवत, आणि दुसऱ्या माणसाला जरा उतरायला सांगायचं. दोन सीटच्या गाडीत तो दुसरा माणूस म्हणजे बायको असते हे लक्षात घ्या.

पोट घासणं हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. या गाडीचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन टोकांना, खाली आहेत. तिथे खडा, पाला, धूळ साचते. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ते चोंदलेले असले तर काय होईल वेगळं सांगायला नको.

मधला_मारुती, टायरबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. २८ हजार चाललेली अकरा वर्षांची गाडी म्हणजे ती बहुतेक काळ उभी होती. टायरची नक्षी शाबूत दिसेल, डीलर ‘नव्यासारखे’ म्हणेल. रबर वयाने कडक होतं, चालवा वा न चालवा, आणि उष्णतेत लवकर. अमेरिकेत २०१३ मध्ये नट पॉल वॉकर ज्या पोर्शेत गेला ती कॅरेरा जीटी, तीही दोन सीटची. तपासात वेग ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान निघाला, रस्त्याची मर्यादा साधारण ७२ ची, आणि टायर नऊ वर्षांचे. त्या मॉडेलला ईएससीही नव्हती. तुमच्या गाडीला ती आहे, पण जुन्या कडक रबरावर तीही हतबल. ती ब्रेक लावणार चाकाला, पकड धरायची रबरानेच.

टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. चारही टायरचे फोटो मागवा. आतल्या बाजूला असतील तर मोबाइल खाली घालून काढायला सांगा.

मधला_मारुती

धाकटा काल पुण्याला जाऊन आला, मीही बरोबर गेलो. मागच्या दोन्हींवर ०७१५, पुढच्यांवर २२१८. नक्षी खरंच झकास आहे. नखाने दाबून बघितलं, मागचं रबर नखाला दबतच नाही, आणि कडेला गवताच्या काडीएवढ्या बारीक भेगा. डीलर म्हणाला, ‘साहेब, दहा हजार आरामात निघतील.’

आयसोफिक्सचे हूक नाहीत. भावजयीला फोन करून तिथूनच सांगितलं. ती म्हणाली, मग पोरीचा विषय संपला, ती इनोव्हातच बसेल.

अजून एक, इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागला आणि विझलाच नाही. डीलर म्हणतो बॅटरी उतरली होती म्हणून.

तेराचा_पाना

०७१५ म्हणजे २०१५ चा सातवा आठवडा. मागचे टायर गेले. मागून ढकलणारी गाडी आहे, मागचेच टायर सगळ्यात महत्त्वाचे. पुढचेही बदला, अर्धे नवे अर्धे जुने असं या गाडीला करायचं नाही. पुढे-मागे माप वेगळं असतं, आणि ‘एन’ खूण असलेले घ्या, ते पोर्शेने तपासून मान्य केलेले असतात. चारही टायर डीलरच्या किमतीतून वजा करून मागा.

एअरबॅगच्या दिव्याला बॅटरीचं कारण लगेच मानू नका. दिवा चालू म्हणजे यंत्रणेने स्वतःला नापास केलंय, अपघातात एकही बॅग फुटेल याची खात्री नाही. स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा आणि कोडचा कागद घ्या. दिवा पुसून दाखवला तर परत वीस मिनिटं चालवून बघा.

नव्या_पेठेतला

टोकन दिलं नाही ना अजून? देऊ नका.

मधला_मारुती

दिलं नाही. आज स्कॅनचा रिपोर्ट आला. कोड पॅसेंजर सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचा, म्हणजे धडकेत बेल्ट आवळणाऱ्या भागाचा आहे. मेकॅनिकने सीटखाली बघितलं तर पिवळा कनेक्टर सैल होता. सीट पुढे-मागे सरकवताना ओढला गेला असावा किंवा कधीतरी सीट काढली असावी, असं म्हणाला. बसवल्यावर दिवा गेला, परत आलेला नाही.

तेराचा_पाना

सीट कधीतरी काढली असेल तर का काढली हे विचारा. आत पाणी शिरलं होतं का, अपघात होता का. गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबा, कुबट वास येतो का बघा. पॅसेंजर बाजूच्या दाराच्या रंगाची जाडी मीटरने मोजून घ्या आणि बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटपर्यंत तपासा. पुराच्या गाडीचा बेल्ट तळाशी चिखलाची रेघ धरून ठेवतो, धुतला तरी. आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास कंपनीकडून लेखी मागवा, डीलरच्या तोंडचा नको.

मधला_मारुती

शनिवारी परत जातोय, रंगाचं मीटर घेऊन. टायरचे पैसे वजा करायला डीलर अर्ध्यावर आलाय. धाकट्याने लिहून दिलंय की हंगामात रात्री मोहोळकडे नेणार नाही. आईने तो कागद देवघरात ठेवलाय. काकांनी हा धागा वाचला आणि किंमत विचारली, ती मात्र अजून सांगितलेली नाही.